खालच्या बाहीतला जोड

ताप बाराव्या दिवशी उतरला. बायकोचा जीव भांड्यात पडला, डॉक्टरांनी "व्हायरल होता, गेला आता" म्हणून फाइल मिटली, आणि मास्तरांची खरी कटकट तिथून पुढे सुरू झाली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कोटांच्या दुकानातले कटर मास्तर. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं, कापडावर खडूनं आखायचं आणि कात्री चालवायची, एवढंच त्यांचं काम. शिवणारे कारागीर वेगळे. पण 'एवढंच' असं कुणी मास्तरांच्या तोंडावर म्हणालं असतं तर त्याची काही खैर नव्हती. शिवण चुकली तर उसवता येते, कापड चुकलं की संपलं. खिडकीजवळच्या लांब टेबलावर एकतीस वर्षं त्यांनी लोकांची महागामोलाची कापडं कापली होती, आणि त्या टेबलावर चहाचा कप ठेवायची मालकांचीसुद्धा टाप नव्हती.

तर असा हा माणूस, ताप गेल्यावर तीन महिने घरात पडून होता. पडून म्हणजे अगदी झोपून नव्हे. उठायचे, बसायचे, खिडकीपर्यंत जायचे. पण आंघोळीला स्टूल लागायचं. अर्धी दाढी झाली की हात भरून यायचा, मग गालाला साबण तसाच ठेवून पलंगावर टेकायचे, आणि उरलेला गाल दहा मिनिटांनी. घर तिसऱ्या मजल्यावर. एकदा हट्टानं खाली उतरले, आणि वर येताना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर असे बसले की बायकोला खुर्ची घेऊन खाली यावं लागलं. रिपोर्ट सगळे चांगले. रक्त चांगलं, छाती चांगली, साखर चांगली. माणूस तेवढा चांगला नव्हता, आणि ते कुठल्याच कागदावर येत नव्हतं.

भेटायला येणारे तर विचारूच नका. एक म्हणे भरपूर चाला, दुसरा म्हणे अंथरुणातून हलू नका. तिसरा नुसता बघून म्हणायचा, "दिसता तर छान." या वाक्यानं मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. छान दिसतो म्हणजे खोटं बोलतोय, असाच त्याचा अर्थ. पण भांडायलाही अंगात जोर लागतो. ते "हो ना" म्हणून डोळे मिटून घ्यायचे.

अंगाचं एक वेळ सोसलं असतं. डोक्याचं सोसवत नव्हतं. वर्तमानपत्रातली ओळ वाचून संपेपर्यंत तिची सुरुवात निसटायची. गॅसवर दूध ठेवलंय हे ते दूध करपल्याच्या वासावरून आठवायचं. एक दिवस औषधाची पट्टी उघडेना, म्हणून ते बायकोला म्हणाले, "अगं, ते दे जरा... ते आपलं... कापायचं."

"कात्री?" ती म्हणाली.

"हां, कात्री."

ती हसली. तेही हसले. मग ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. एकतीस वर्षं जी वस्तू उजव्या हाताला लटकलेली होती, तिचं नाव जातं म्हणजे काय? मास्तर घाबरले होते, चांगलेच घाबरले होते, आणि हे सांगायचं कुणाला तेही त्यांना कळत नव्हतं.

बायको दिवसभर समोर बसून दुकानाचंच काम करायची. काजं करणं, बटणं लावणं, पँटच्या तळाची तुरपाई. लग्न झाल्यापासून दुकानातून गठ्ठा यायचा आणि ती करून द्यायची. कात्रीला मात्र मास्तरांनी तिला कधी हात लावू दिला नाही. "तुझी सुई, माझी कात्री, यात ढवळाढवळ नको," असा त्यांचा कायदा. तीही तो कायदा निमूटपणे पाळायची, कारण तिच्या सुईत नाक खुपसायला मास्तरांनाही बंदी होती.

चौथा महिना लागला आणि मालक जिने चढून घरी आले. मालक माणूस वाईट नव्हता. तीन महिने अर्धा पगार घरी पाठवत होता, तोही कुरकुर न करता. या वेळी मात्र काखेत कापडाची घडी होती.

"वकीलसाहेबांचं आहे," मालक म्हणाले. "त्यांचा उजवा खांदा उतरता, ते तुम्हालाच ठाऊक. शिवाय कापड कमी आणलंय. नवा कटर म्हणतो एवढ्यात कोट बसत नाही, परत पाठवा."

"नवा कटर," मास्तर म्हणाले.

"तात्पुरता ठेवलाय हो. आता असं करा, तुम्ही घरीच बघा. सावकाश, आठ दिवस घ्या. हा कोट कापून झाला तर पहिल्या तारखेपासून टेबल तुमचं. आणि नाही झाला..." मालकांनी चष्मा काढून पुसला. "मलाही दुकान चालवायचंय, मास्तर. तो पोरगा किती दिवस तात्पुरता राहील?"

मास्तरांनी घडी मांडीवर घेतली. करडं, जाड, एका बाजूनं बारीक लव असलेलं कापड. सुलट बाजू कुठली ते बोटांनी लगेच सांगितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

जेवणाचं टेबल पुसून त्यावर चादर अंथरली. दिवसाला वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, असं बायकोनं बजावलं. पहिल्या दिवशी नुसतं आखलं. दुसऱ्या दिवशी पाठ आणि पुढचे भाग. तिसऱ्या दिवशी वरच्या बाह्या. चौथ्या दिवशी उरल्या खालच्या बाह्या. कोटाच्या बाहीला दोन तुकडे असतात, एक वरचा दिसणारा, एक खालचा, काखेकडून झाकलेला. कापड दुहेरी घालून कापलं की डावा-उजवा आपोआप निघतो. इथं दुहेरी घालायला कापड उरलं नव्हतं, तेव्हा एकेरीवरच एकेक तुकडा कापायचा होता. अशा वेळी पुठ्ठ्याचा फर्मा एका तुकड्याला सुलटा ठेवायचा आणि दुसऱ्याला पालथा, आणि गठ्ठा बांधण्याआधी दोन्ही तुकडे समोरासमोर लावून बघायचे. हे मास्तरांनी आजवर किती जणांना शिकवलं असेल त्याची गणती नाही.

पहिला तुकडा कापला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कानात सूं सूं. कात्री टेबलावर ठेवून ते कसेबसे पलंगापर्यंत गेले. तासाभरानं उठले, तोंडावर पाणी मारलं, फर्मा उचलला, ठेवला, आखला, कापला. मग सगळ्या तुकड्यांवर खडूनं खुणा केल्या, गठ्ठा बांधला आणि बायकोच्या हातात दिला. "दे जाऊन," म्हणाले. "आणि त्या पोराला म्हणावं, बसला कोट."

त्या दिवशी ते दोन वाट्या सूप प्यायले आणि मुलीला फोन करून सगळं साग्रसंगीत सांगितलं. बायको लगेच निघाली, पण गठ्ठा दुकानात पोचला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. "काल का नाही दिलास?" त्यांनी विचारलं. "दुकान लवकर बंद झालं होतं," ती म्हणाली, आणि काजं करायला बसली.

पहिल्या तारखेला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेले. रिक्षानं गेले, पण गेले. कारागिरांनी मशिनी थांबवल्या, कुणी खुर्ची दिली, कुणी पंखा फिरवला. नव्या कटरनं टेबलावरचा आपला खडू आणि टेप न सांगता उचलला आणि तो बाजूला उभा राहिला. पंचविशीचा, हात स्वच्छ, नजर खाली. मास्तरांना त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

"वकीलसाहेब खूश," मालक म्हणाले. "काल कच्ची ट्रायल झाली. खांदा असा बसलाय की बास. आणि मास्तर, तो खालच्या बाहीतला जोड, वा. कापड संपलं तरी हार मानली नाहीत. मी याला म्हटलं, बघ, याला म्हणतात हात."

"जोड?" मास्तर म्हणाले.

"डाव्या बाहीत, काखेकडून. दिसतही नाही."

मास्तरांनी कोट मागितला. अस्तर अजून लागलं नव्हतं. त्यांनी डावी बाही उलटी केली आणि बोट फिरवलं. खालचा तुकडा दोन चिंध्या जोडून केला होता. जोड हातशिलाईचा, टाके बारीक, एकमेकांना चिकटून. हजार टाक्यांतून त्यांनी ते टाके ओळखले असते. ते बायकोचे होते.

त्यांना सगळं उमगलं. फर्मा पालथा घातलाच नव्हता. दोन्ही तुकडे उजव्या हाताचे कापले होते, समोरासमोर लावून बघितले नव्हते, आणि तसाच गठ्ठा बांधून त्या पोराला निरोपही धाडला होता. गठ्ठा बायकोनं वाटेत की जिन्यात कुठंतरी उघडला असणार. मग उरलेल्या चिंध्या काढून, आयुष्यात पहिल्यांदा मोठी कात्री हातात घेऊन, तिनं डावा तुकडा उभा केला असणार. तोही ते पलीकडच्या खोलीत झोपलेले असताना.

"बरं का मास्तर," मालक बोलतच होते, "उद्या बँकेच्या गणवेशाचं कापड येतंय. चाळीस कोट. थप्पी लावून एकदमच कापून टाकू."

चाळीस कोट. थप्पीवर एक चूक म्हणजे चाळीसांवर तीच चूक. मास्तरांनी टेबलावर तळहात ठेवला. गप्प राहिलं असतं तर ते टेबल त्यांचं होतं. कुणालाच कळलं नसतं. बायको तर मरेपर्यंत बोलली नसती. आणि त्यांना ते टेबल हवं होतं, इतकं हवं होतं की तळहात उचलवेना.

"मालक," ते म्हणाले, "तो जोड माझा नाही. मी दोन्ही उजव्या कापल्या होत्या. घरच्यांनी निस्तरलं."

मशिनी पुन्हा चालू झाल्या होत्या, त्यांतल्या जवळच्या दोन थांबल्या. मालक म्हणाले, "अजून महिनाभर विश्रांती घेतलीत तर?"

"डॉक्टर आता म्हणतात सहा महिने लागतील. नाहीतर वर्ष. नाहीतर हे असंच राहील म्हणतात. त्यांनाही ठाऊक नाही." मास्तरांनी नव्या कटरकडे बघितलं. "तू उभा राहा इथं. वकीलसाहेबांचा उजवा खांदा पाऊण इंच उतरता. लिहून ठेव."

पोरानं लिहून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. "सांगून आलो," म्हणाले.

बायकोच्या हातातली सुई थांबली. "काय सांगून आलात?"

"बाहीचं."

ती एवढी चिडली की मास्तरांनी तिला इतकं चिडलेलं उभ्या संसारात पाहिलं नव्हतं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आठ वेळा वर्तमानपत्र कापून बघितलं मी. तुमचं टेबल राहावं म्हणून केलं, आणि तुम्ही एका वाक्यात घालवून आलात."

"पुढच्या वेळी काय केलं असतंस? चाळीस कोट आहेत. सगळे घरी आणून बघितले असतेस?"

ती पदर तोंडाला लावून रडली. मास्तर तिच्या शेजारी बसले, पण समजूत घालायला त्यांना शब्द सापडले नाहीत, आणि या वेळी तो आजाराचा दोष नव्हता.

मालकांनी आठवडाभरानं निरोप पाठवला, घरी तुरपाईचं काम दुप्पट पाठवू का म्हणून. मास्तरांनी हो म्हटलं. आता ती दोघं खिडकीशी समोरासमोर बसतात. मास्तर अर्धा तास करतात, तासभर पडतात, पुन्हा अर्धा तास. एका दुपारी ते लवकर उठले, आणि त्यांनी बघितलं, बायको त्यांनी केलेली पँट घाईघाईनं उसवत होती.

"असं नको," मास्तर म्हणाले. "माझ्यामागं नको. चुकलं तर समोर सांग."

तिनं हात मागे घेतला. पँट मांडीवर सपाट केली. मग तिनं ती त्यांच्यापुढे सरकवली.

"इथून इथपर्यंत टाके लांब पडलेत," ती म्हणाली. "उसवा."

मास्तरांनी चष्मा लावला आणि उसवायला घेतलं.