मागचा टायर

त्या संध्याकाळी उल्हासनगर कॅम्प दोनच्या चौकात एक रिक्षा आणि एक टेम्पो समोरासमोर अडले होते. दोघंही मागे हटायला तयार नव्हते. मागे अँब्युलन्स अडकून सायरन वाजवत होती, आणि मी स्कूटरवर बसून उगाच हॉर्न वाजवत होतो.

तेवढ्यात भाजीची पिशवी सावरत साठीच्या एक बाई निवांत चालत पुढे आल्या. रिक्षात डोकावून काळजीने म्हणाल्या, "भाऊ, तुझा मागचा टायर बैठ गया."

इतका वेळ हुज्जत घालणारा रिक्षावाला मुकाट्याने रिक्षा कडेला घेऊन खाली उतरला. टेम्पो पुढे सरकला आणि अँब्युलन्स निघून गेली.

टायर चांगला टणक होता. मी हळूच विचारलं, "मावशी, थाप मारलीत?"

"रस्ता मागितला तर कोणी देत नाही, बेटा," ओढणी नीट करत त्या म्हणाल्या. "आपलं नुकसान दिसलं, की लगेच बाजूला होतात."

रिक्षावाला अजून वाकून टायर दाबत होता. जाता जाता त्या त्याच्यापाशी थांबल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "थोडी हवा भरून घे हां."

त्याने मान डोलावली.