बॅकअपला हार घातल्यावर

"साहेब, दोन बॅकअप हायेत, पण एकबी चालवता येईना," बालाजी फोनवर म्हणाला.

"डिझेल संपलं का?"

"न्हाई. पूजा झाली."

सकाळचे दहा वाजले होते. खंडेनवमी होती. मुखेडजवळच्या एका गावात दुधाचं सेंटर आहे, त्याचा हा बालाजी मॅनेजर. मी लातूरच्या एका डीलरकडे जनरेटरचा सर्व्हिस टेक्निशियन. मुखेड-देगलूर भाग माझ्याकडे असल्यामुळे राहायला मुखेडलाच आहे. सगळा तालुका मला बॅकअपवाले म्हणूनच ओळखतो.

आता हा शब्द माझा पोटापाण्याचा आहे, म्हणून त्याच्यावर मी थोडा हक्क सांगतो. इन्व्हर्टरचं गिऱ्हाईक विचारतं, "बॅकअप किती?" त्याला तास ऐकायचे असतात. कॉम्प्युटरवाला बॅकअप म्हणतो तेव्हा त्याच्या हातात पेनड्राइव्ह असतो. लातूरला क्लासच्या पोरांना विचारा. मेडिकलला नंबर लागला नाही तर फार्मसी, हा त्यांचा बॅकअप. मोंढ्याच्या बाजारात एखाद्याला बॅकअप आहे म्हणजे त्याचा फोन उचलणारा कुणीतरी वर बसलेला आहे. माझ्या मेहुण्यानं तर लग्न जमवताना दुसरं स्थळ बॅकअपला ठेवलं होतं. पुढं तेच पहिलं झालं, म्हणून हे घरात बोलायचं नाही. माझ्या धंद्यात मात्र अर्थ साधा आहे: लाईट गेल्यावर काम थांबू न देणारं यंत्र.

आणि ते यंत्र हार घालून बसलं होतं.

"टाकीत दूध किती?" मी विचारलं.

"अठराशे लिटर. नऊला लाईट गेली. एकला टँकर येतो. साहेब, उन्हाळ्यात एक टँकर परत गेलाय. डेअरीनं पत्र दिलंय, आणखी एक परत आला तर सेंटर बंद. आमच्या बायामाणसांनी दूध डोक्यावर घिऊन मुखेडला जायचं का?"

दुधाचं गणित सोपं असतं. ताजं दूध कोमट असतं. बल्क कूलर, म्हणजे गार करणारी मोठी टाकी, त्याला चार डिग्रीपर्यंत आणते. कूलर थांबला की दूध आंबायच्या मार्गाला लागतं. टँकरवाला आधी थर्मामीटर बुडवतो, मग टेस्ट करतो, आणि मान हलवतो. ती मान कोणत्या बाजूला हलते, त्यावर सगळं.

मी हत्यारांची पेटी घ्यायला वळलो. पेटी पाटावर होती. बायकोनं तिच्यावर झेंडू वाहिला होता, मल्टिमीटरला कुंकू लावलं होतं आणि नट खोलायचे पाने रांगेत मांडले होते.

"उद्या सोनं लुटल्याशिवाय हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हा नेम तुमचाच आहे. मला तुम्हीच शिकवलाय."

हे खरं होतं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं विश्रांती घेतात. वर्षभर त्यांना राबवायचं आणि एक दिवस टेकू द्यायचं नाही, हे मला पटत नाही. मग बालाजीला कुठल्या तोंडानं बोलणार? रिकाम्या हातांनी मोटारसायकल काढली आणि वीस मिनिटांत पोचलो.

सेंटरच्या दारात मन्मथअप्पा उभे होते. हे तिथले ऑपरेटर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कनवटीला जनरेटरची किल्ली. आत नवा जनरेटर नवरदेवासारखा नटला होता. शेजारी दुसरा, पहिला बिघडला तर म्हणून ठेवलेला. त्यालाही तेवढाच मोठा हार. ऑफिसात इन्व्हर्टरला हार. कॉम्प्युटरला हार. बालाजी फॅटचे आकडे रोज दुसऱ्या वहीत उतरवून ठेवतो, त्या वहीवरही फूल.

"अप्पा, हा दुसरा तरी मोकळा ठेवायचा होता," मी म्हणालो.

"असं कसं? थोरल्याला हार अन् धाकटा उपाशी? भेदभाव जमत न्हाई आपल्याला."

"दूध नासेल."

"ते बी कळतंय. सकाळपून जीव थाऱ्यावर न्हाई माझा. पर बसविलेलं उद्याबिगर उठवायचं न्हाई. तुमची पेटी कुठं हाय?"

मी रिकामे हात खिशात घातले. अप्पांना उत्तर मिळालं.

बालाजीनं लाईनमनला फोन लावला. लाईट दुपारनंतर येणार होती. टाकीवरचा काटा एकोणीस डिग्रीवर होता. बाहेर चार-पाच बायका रिकाम्या किटल्या घेऊन अजून रेंगाळत होत्या. लाईट गेल्यावर त्या घरी गेल्याच नव्हत्या. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी शेडच्या मागं गेलो.

तिथं फुटक्या कॅनच्या ढिगाखाली एक जनरेटर पडला होता. जुना, दोन सिलिंडरचा, हँडल मारून चालू होणारा. नवा आल्यावर तो भंगारात काढला होता आणि भंगारवाल्यानंही अजून नेला नव्हता. त्याच्यावर ना हळद, ना कुंकू, ना झेंडूची पाकळी.

"अप्पा," मी हाक मारली, "याची पूजा केली का?"

अप्पा आले. बघत राहिले. "ह्याची कशाला? हे भंगार हाय."

"मग याला आज विश्रांती नाही?"

अप्पांनी बराच वेळ कान खाजवला. मग हळूच म्हणाले, "ह्याला लई दिवस विश्रांतीच हाय की." आणि धोतर वर खोचलं. "बारा वर्सं म्याच चालविलाय ह्याला. हँडल गेटाला अडसर म्हणून लावलंय, थांबा."

पुढचा तास घामाचा गेला. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. हवा राहिली तर इंजिन नुसतं खोकतं, धरत नाही. ती काढायला एक नट सैल करायचा असतो, आणि पाना तर सगळ्या गावाचा पूजेत. शेवटी चहावाल्या मावशीची सांडशी आणली. स्वयंपाकघरातली असल्यानं ती हत्यारांत धरली नव्हती. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच सांडशीनं जनरेटर दुरुस्त केला.

अप्पांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा. पाचव्यांदा काळा धूर सोडून जुना बोलायला लागला. मी केबल जोडली. "कूलरचा कॉम्प्रेसर एकेक करून लावायचा," मी बालाजीला बजावलं, "एकदम लोड टाकला तर हा मान टाकेल." पहिला कॉम्प्रेसर लागला तेव्हा आवाज खोल गेला, पण इंजिनानं दम धरला. बायकांपैकी कुणीतरी हात जोडले. खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धूर होताच, पण तेवढ्यानंच नव्हे.

एक वाजता काटा आठवर होता. टँकरचा पत्ता नव्हता. तो आला दोनला, बंपरला झेंडूच्या माळा लावून.

"पूजेमुळं उशीर झाला," ड्रायव्हर म्हणाला.

"पूजा झाल्यावर गाडी चालवलीस?" अप्पांनी विचारलं.

"आमच्यात चालतंय."

अप्पांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ड्रायव्हरनं थर्मामीटर बुडवला. चार. टेस्ट केली, मान हलवली, आणि पाईप जोडला. सेंटर वाचलं.

त्या दिवसानंतर सर्व्हिसच्या फॉर्मवर मी हातानं एक ओळ लिहितो: नवमीला एक यंत्र बिनपूजेचं ठेवावं. गिऱ्हाइकं हसतात आणि सही करतात.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला सकाळीच बालाजीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"साहेब, यंदा अप्पांनी जुन्याला रंग दिला. पहिली पूजा त्याचीच. सगळ्यात मोठा हार त्यालाच घातलाय!"

"आणि बाकीचे दोन?"

"त्यांचीबी केली की. भेदभाव जमत न्हाई अप्पांना."

"बालाजी, मग आज लाईट गेली तर?"

पलीकडून "अप्पाऽऽ" अशी बालाजीची घाबरी हाक ऐकू आली.

मी फोन ठेवला, आणि बायकोचं कुंकवाचं बोट पोचायच्या आत पाटावरचा एक पाना उचलून खिशात घातला.