खालच्या खड्ड्यातलं पाणी

मातीच्या लॅबमध्ये नमुने साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की नमुन्याच्या पिशवीला चिठ्ठी बांधलेली असते, किश्शाला नसते. त्यामुळे पुढचं सगळं अठ्ठावन्न सालचं की साठचं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. खरं तर छातीठोकपणे मी आयुष्यात काहीच सांगितलेलं नाही. पण माणसं नक्की हीच होती. बहुतेक.

पुण्याहून रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन मी बंगलोरच्या एका लॅबमध्ये नुकताच लागलो होतो. कुणाला फळबाग लावायची असली, की आधी त्याची माती तपासायची आणि 'लावा' किंवा 'लावू नका' असं लेखी कळवायचं, हे काम. मला नेहमी तिसरा पर्याय हवा असायचा.

*

एके सकाळी कृष्णोजीराव आले. धोतर, काळा कोट, काखेत मिठाईचा डबा. घराणं कित्येक पिढ्या बंगलोरचं. बळेपेठेत कापडाचं दुकान, मल्लेश्वरममध्ये घर. बोलणं मराठी, पण कानडीची फोडणी दिलेलं. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

"डॉक्टर, के. आर. पुरमच्या पुढे चार एकर घेतलंय. सगळीकडे द्राक्षं लावणार. त्यासाठी राहतं घर विकतोय. माती स्वल्प बघा आणि हो म्हणा!"

"घर विकताय?" मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणून तर शिकलेल्या माणसाकडे आलो!"

डबा उघडला. त्या भागातली माती तांबडी. ही काळसर, मऊ, चाळलेली, आणि वर कुंकवाचं बोट.

"यात शेणखत मिसळलंय का हो?"

"मिसळलंय की! पोरगी दाखवताना तोंडाला पावडर लावत नाही काय?"

*

मी त्यांना चार ठिकाणी खणून, जशी निघेल तशी माती आणायला सांगितलं. त्यांनी टोपलीभर आणली.

आमचा अटेंडंट मुनिस्वामी मॅट्रिक नापास, पण लॅबमध्ये वीस वर्षं मुरलेला. त्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "खार नाही, सार. चुना स्वल्प."

मी दोन दिवस तपासण्या केल्या. तेच निघालं! मग मी घोळात पडलो. हा चुकत नसेल, तर मी पुण्यात सहा वर्षं काय करत होतो?

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मीही एक चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. उघडले, तर दारात मुनिस्वामी!

"काय निघालं, सार?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

"माती," मी म्हणालो.

त्याने रजिस्टरमध्ये तसं लिहूनही टाकलं!

*

त्या महिन्यात आणखी दोन नमुने आले. एक लक्ष्मीबाई नावाच्या कुणाचा, दुसरा तुकोजीराव नावाच्या कुणाचा. मी तिन्ही पत्रं पाठवली आणि आठवड्याने अण्णा तिन्ही पत्रं घेऊन थेट आमच्या साहेबांच्या टेबलाशी हजर.

"लक्ष्मी माझी बायको, तुकोजी माझा जावई. आणि माती एकाच टोपलीतली!"

साहेबांनी पत्रं ओळीने मांडली. अण्णांना मी लिहिलं होतं, 'लावा.' लक्ष्मीबाईंना, 'लावू नका.' तुकोजीरावांना, 'विचार करून लावा.' आकडे तिन्ही पत्रांत सारखेच होते. फक्त लिहिण्याचे दिवस वेगळे होते.

"डॉक्टर," साहेब शांतपणे म्हणाले, "एकाच पेशंटला तुम्ही ठणठणीत, मेलेला आणि बघू या, असं तिन्ही सांगितलंत!"

"सरी, ठीक आहे, माझं काम झालं," अण्णा उठले. "दोन विरुद्ध एक. लावतो."

"दोन कसे?"

"'विचार करून लावा' म्हणजे लावाच की! विचार मी केलाय."

साहेबांनी त्यांना हाताला धरून परत बसवलं आणि मला शेतावर पिटाळलं.

*

मुळांशी पाणी साचून राहिलं की द्राक्षाचा वेल कुजतो. म्हणून तीन फुटांचा खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा आणि दर तासाला खुणांची काठी बुडवून पाणी किती उतरलं ते बघायचं. जमीन उताराची, म्हणून मी एक खड्डा वर घेतला आणि एक दोनशे पावलं खाली.

लक्ष्मीबाई, म्हणजे अक्का, कॉफीची किटली घेऊन आल्या होत्या. अण्णा लांब गेलेले बघून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, माझी तिन्ही बाळंतपणं त्या घरात झालीत. नाही म्हणा."

वरचा खड्डा शहाण्यासारखा वागला. पाणी भराभर उतरलं. खालच्या खड्ड्यात पहिल्या तासाला दोन इंच उतरलं. दुसऱ्या तासाला एक इंच चढलं!

"चढलं?" अण्णा दचकले, पण लगेच सावरले. "झरा असेल. आमचं नशीब!"

"कसला झरा? जमीन पाणी धरतेय. वेल कुजणार," अक्का म्हणाल्या.

तिसऱ्या तासाला चार इंच उतरलं. चौथ्याला पुन्हा दोन चढलं. आकाशात ढग नाही. मी चष्मा पुसला, काठी उलटी धरून पाहिली, मग स्वतःची नाडी पाहिली. शेवटी सरासरी काढली: तासाला पाऊण इंच. म्हणजे धड चांगलं नाही, धड वाईट नाही!

*

मी लिहिलं: 'वरच्या दोन एकरांत लावावे. खालच्या दोन एकरांत लावायला हरकत नाही. न लावायलाही हरकत नाही.'

"हा रिपोर्ट आहे की राशिभविष्य?" साहेब म्हणाले. पण सही मलाच करायला लावली. पत्रांवर नुसता लॅबचा शिक्का असायचा; ही माझी पहिली सही.

व्हरांड्यात अण्णांनी 'लावायला हरकत नाही' एवढंच मोठ्याने वाचलं. अक्कांनी उरलेलं त्याहून मोठ्याने वाचलं. अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं आणि ठरलं, की फक्त वरचे दोन एकर लावायचे. तेवढ्यासाठी घर विकायची गरज नव्हती.

"सार," मुनिस्वामी म्हणाला, "तुमचं ऐकलं त्यांनी!"

"नक्की कुठलं ऐकलं रे?" मी विचारलं.

*

वरचा मळा चांगला झाला. मी रिटायर झालो त्या वर्षी अण्णांनी मला मल्लेश्वरमच्या घरी बोलावलं. अक्कांनी निळ्या द्राक्षांची थाळी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता वय झालं, सांगून टाकते. तुम्ही वरच्या खड्ड्याकडे गेलात, की मी खालच्यात घागर ओतायची."

अण्णा आरामखुर्चीतून ताडकन उठले. "तू ओतत होतीस? अगं, मी उपसत होतो!"

"कधी?"

"तू कॉफी गरम करायला गेलीस की!"

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी हातातलं द्राक्ष थाळीत परत ठेवलं. माझी पहिली सही, आणि तो आकडा म्हणजे यांची घागर आणि यांची बादली!

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडून मी शेतावर गेलो. खालचे दोन एकर तसेच होते, वेल नाहीत, नाचणी काढून झालेली. त्याच जागी तीन फूट खणून घेतलं, गड्याला परत पाठवलं, पाणी स्वतः भरलं. नऊ ते एक खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो. कॉफीलाही उठलो नाही. शेतात मी आणि एक कावळा. त्याच्यावरही नजर ठेवली.

एक वाजता काठी बाहेर काढली, चष्मा पुसला, भागाकार दोनदा केला.

तासाला पाऊण इंच!