न फुटलेला बर्फाचा बांध

आर्लिस टॉर्गसन भित्री बाई होती, हे आधीच सांगून टाकतो. एकतीस वर्षं ती लार्च क्रीकच्या खोऱ्यात काउंटीचं बर्फ सारायचं यंत्र चालवत होती. एकदा तर उणे तीस अंशांत घाटात एकटी अडकून पडली आणि सुटका झाल्यावर सगळ्यांत आधी कॉफी मागितली, म्हणून लोक तिला धीट समजत. पण बर्फाची भीती वेगळी, माणसांची वेगळी. चार माणसांसमोर नाव सांगायची वेळ आली की तिच्या तोंडाला कोरड पडे. नवरा गेला तेव्हा चर्चमध्ये त्याच्याविषयी दोन शब्द तिच्याच्याने बोलवले नव्हते. ती उभी राहिली, थोडा वेळ त्याची टोपी हातात धरून राहिली आणि खाली बसली.

अशा बाईला फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी राजधानीत जाऊन सिनेटच्या समितीपुढे बोलायचं होतं, आणि तेही मेरिल स्ट्राउडच्या विरोधात.

राज्याच्या वन्यजीव आयोगात सात आयुक्त. कोणत्या डोंगरात किती एल्क हरणं मारायची, परवाने कुणाला द्यायचे, हे ते सात जण ठरवतात, आणि खोऱ्यातल्या निम्म्या घरांच्या फ्रीजरमध्ये हिवाळाभर काय असणार तेही त्यावरच ठरतं. सातातली एक खुर्ची वरच्या खोऱ्याची. तिच्यावर बसणारा तिथेच राहणारा हवा, असा कायदा आहे. स्ट्राउडने तिथे डोंगरच्या डोंगर विकत घेतला होता, रस्त्याच्या टोकाला थोरलं घर बांधलं होतं, आणि राहत होता तो दक्षिणेकडच्या उबदार शहरात. गेल्या जूनमध्ये राज्यपालांनी त्यालाच नेमलं. सिनेट सुट्टीवर होती, तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं. आठ महिने तो त्या खुर्चीवर बसला आणि तेवढ्यात बड्या जमीनमालकांच्या पाहुण्यांना नर एल्कचे परवाने वाढले, खोऱ्यातल्यांचे कमी झाले. सिनेट आता कुठे त्याच्या नेमणुकीवर शिक्का मारायला बसली होती.

आर्लिसला यात ओढलं ऑर्विल क्वालने. ऑर्विल शिकार खात्याचा जुना रखवालदार, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून राज्य चालवण्यात पटाईत.

"तू फक्त बांधाचं सांग," तो म्हणाला.

यंत्र रस्ता साफ करत जातं तेव्हा पात्याने लोटलेला बर्फ कडेला पडतो आणि प्रत्येक घराच्या वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध आडवा होतो. घरात राहणारा माणूस सकाळी उठतो, आर्लिसला दोन शिव्या हासडतो, बांध फोडतो आणि कामाला जातो. म्हाताऱ्यांच्या वाटेपाशी ती पातं उचलून घ्यायची. कुणाचा बांध कधी फुटला यावरून कोण आजारी आहे, कोण लवकर निघालं, कुणाची बायको माहेरी गेली, सगळं तिला न विचारता कळे. स्ट्राउडच्या थोरल्या घरासमोरचा बांध नोव्हेंबरपासून एकदाही फुटला नव्हता. तो दगडासारखा कडक झाला होता आणि त्यावर कोल्ह्याच्या पावलांपलीकडे काही उमटलं नव्हतं.

"ऑर्विल, जनेल त्याच्या घरात राहते," आर्लिस म्हणाली.

जनेल तिची एकुलती मुलगी. जावई कोडी स्ट्राउडच्या गुरांच्या रँचवर गडी होता. खालच्या रस्त्यावरचं गड्यांचं घर नोकरीबरोबर मिळालेलं, आणि नोकरीबरोबरच जाणारं. दोन पोरं पदरात. खोऱ्यात भाड्याने घर म्हणाल तर एक नाही. होती नव्हती ती सगळी वर्षातून दोन आठवडे स्की करायला येणाऱ्यांनी घेऊन टाकलेली.

"ठाऊक आहे मला."

"मग पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करायला सांगतोस? इथे मासाही त्याचा आणि पाणीही त्याचंच."

"कारण बाकीचे सगळे ऐकीव बोलणार. बघितलंयस ते तू." ऑर्विलने कपात तिसऱ्यांदा साखर घातली. "हे बघ, नेमणार राज्यपाल, विचारणार सिनेट, तेही एकदाच. त्यानंतर चार वर्षं तो बाबा कुणाचं देणं लागत नाही. माझ्या हातात असतं ना, तर खोऱ्याने तीन नावं पाठवली असती आणि राज्यपालांनी त्यातलं एक उचललं असतं. दर शरदात त्याला शाळेच्या हॉलमध्ये उभं केलं असतं, की सांग बाबा, मत असं का दिलंस. स्वतःच्या जमिनीचा विषय निघाला की जा खोलीबाहेर. पण माझ्या हातात काय आहे? गुडघेदुखी."

तिने आठवडाभर झोप घालवली आणि स्वतःची समजूत काढली. जनेलचं आडनाव आता प्राथर. राजधानीत कोण कुणाची लेक हे कुणाला माहीत असणार? आपण बांधाचं सांगायचं, जनेलचं नाव काढायचं नाही आणि घरी यायचं. जनेलला तिने फोनवर सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती.

"तू ठरव, आई," जनेल हात न थांबवता म्हणाली.

समितीच्या खोलीत फिकट लाकडी बाक होते आणि हवा फार गरम होती. रिवाजाप्रमाणे आधी नेमणुकीच्या बाजूचे बोलणार, मग विरोधातले, प्रत्येकाला दोन मिनिटं. पहिल्या रांगेत स्ट्राउड पायावर पाय टाकून बसला होता. एकामागून एक स्वच्छ टोप्या हातात घेतलेले लोक उठले आणि त्याचे गोडवे गाऊन बसले. चौथा उठला तो कोडी.

आर्लिसने नाताळात दिलेला निळा शर्ट त्याच्या अंगात होता. तिची पाचावर धारण बसली. ऑर्विलच्या रुंद पाठीआड ती जमेल तेवढी लहान झाली.

"कोडी प्राथर. रँचवर काम करतो," तो कागदाकडे बघत म्हणाला. "मालकांच्या घरात रोज संध्याकाळी दिवे असतात, ते मी माझ्या डोळ्यांनी बघतो. एवढंच."

ऑर्विल तिच्याकडे वळला. त्याच्याही चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "चल, निघू आपण," तो पुटपुटला. "तुझं नाव मी खोडून टाकतो यादीतून."

ती निघालीही असती. दार जवळ होतं. पण तिची नजर स्ट्राउडवर गेली. कोडी खाली बसताना त्याने मान हलवली, फेकलेली काठी कुत्र्याने परत आणली की मालक हलवतो तशी. आर्लिसला असा संताप आला की तेवढ्यापुरती भीती मागे पडली, आणि विरोधकांना बोलावल्यावर ती सगळ्यांत आधी उभी राहिली.

तिने नाव सांगितलं, काम सांगितलं, बांधाचं सांगितलं. आवाज चिरकत होता. "घरात माणूस असेल तर बांध फुटतोच. गाडी निघत नाही त्याशिवाय. तो फुटला नाही. या हिवाळ्यात एकदाही नाही."

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "आत्ताच एक साक्षीदार म्हणाले, तिथे रोज दिवे असतात. मग दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

हा प्रश्न येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. कोडी मान खाली घालून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"तो माझा जावई आहे," ती म्हणाली. बाकांवरची कुजबुज थांबली. "तो खोटारडा नाही. दिवे लागत असतील. पण बाई, तो मालकाच्या घरात राहतो आणि मी माझ्या घरात राहते, म्हणून मला बोलता येतं. त्याला पुन्हा उभं करू नका. एवढं ऐका माझं."

भोळी ती भोळीच. जे होऊ नये म्हणून विनवलं, त्याचीच वाट तिने दाखवून दिली होती.

"मिस्टर प्राथर," अध्यक्षबाई म्हणाल्या, "दिवे लावतं कोण?"

कोडी उठला. त्याने स्ट्राउडकडे पाहिलं. स्ट्राउड छताकडे बघत होता. कोडी टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला, आणि आर्लिस मनात म्हणत होती, बोल रे पोरा, खोटं बोल, ते स्वतःच लावतात म्हण.

"मी लावतो," कोडी म्हणाला. "रोज पाचला. सकाळी विझवतो. मागच्या शेतातून बर्फावरच्या गाडीने जातो, रस्त्याने नाही जात. तसंच सांगितलंय मला."

स्ट्राउडचा वकील ताडकन उठला, सगळे एकदम बोलू लागले, आणि मतदान गुरुवारी होईल असं सांगून अध्यक्षबाईंनी बैठक मोडली. ऑर्विल कुणाकुणाशी हात मिळवत होता. आर्लिस कोट उचलून दाराकडे निघाली.

बाहेर तिच्या पिकअपला टेकून कोडी उभा होता. तो ओरडेल, निदान दार तरी आपटेल, या विचाराने ती दोन पावलं अलीकडेच थांबली.

"कोडी, मला माहीत नव्हतं रे तू येणार आहेस."

"मलाही काल रात्री सांगितलं." त्याने डोळे पुसले, थंडीने पाणी आल्यासारखे. "खरं बोलून बरं वाटलं, आर्लिस. खरंच सांगतो. पण रँचच्या मुकादमाचा फोन येऊन गेला. रविवारपर्यंत म्हणाला."

"रविवारपर्यंत काय?" तिने विचारलं, कळलं होतं तरी.

"जनेलला तुम्ही सांगा. माझ्याच्याने नाही होणार."

समितीसमोर वाटली ती भीती काहीच नव्हती. तिने हातमोजा काढला, फोन लावला, आणि पलीकडे पहिल्याच रिंगला उचलला गेला. मागे पोरांचा दंगा ऐकू येत होता.

"आई? बोललीस का तू? काय झालं?"

आर्लिसचं तोंड कोरडं पडलं होतं. कोडीने तोंड फिरवलं.

"जनेल," ती म्हणाली, "रिकामी खोकी किती आहेत गं घरात?"