बुटाने सरकवलेला पत्ता

कालपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात तर अजूनही नाही. घरच्यांना वाटतं, जुगाराच्या बोटीवर नोकरी करायची लाज वाटते म्हणून मी गप्प असतो. तसं असतं तर बरंच झालं असतं.

मी पणजीच्या एका कॅसिनोत पोकरचे पत्ते वाटायचो, मोठ्या टेबलावर. तिथल्या एका डावात आमच्या बांदा गावातलं एखादं घर सहज विकत येईल. पण खरं सांगू? पैशांकडे आमचं लक्षच नसतं. कुणाचा अंगठा थरथरतो, कोण उगाच पाणी मागतो — सगळं दिसतं, आणि तोंड उघडायचं नाही. गप्प बसायची इतकी सवय लागते की... नाही, ही सबब झाली. सोडा.

इनासबद्दल सांगतो. इनास बांद्याचाच. मोटारसायकल त्याची, मागे मी, असे आम्ही रोज कामाला जायचो. पत्ते वाटण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आमच्याकडे ठरावीक वेळाने टेबलावरचा माणूस बदलतो, आणि नव्याने बसणाऱ्याने पत्ते पसरून, तपासून घ्यायचे असतात. इनास सगळ्यांचे तपासायचा. माझे नाही. "तुझे काय बघूचे?" म्हणायचा.

त्या दुपारी मी खुर्चीवरून उठलो आणि पायाशी एक पत्ता दिसला. माझ्याच हातून निसटलेला. हात वर करायचा, खेळ थांबवायचा — एवढंच तर काम! पण माझी बढती तोंडावर आली होती. मी तो बुटाने टेबलाखाली सरकवला. कॅमेरे वरून बघतात, टेबलाखालचं त्यांना दिसत नाही. हे मला नेमकं त्याच वेळी आठवलं होतं.

इनास बसला. डाव रंगात आला, सगळ्यांनी पुढ्यातलं सगळं लावलं, आणि एका गिऱ्हाइकाच्या पायाला तो पत्ता लागला. डाव रद्द झाला, आरडाओरडा झाला. पत्ते तपासून घेतले होते का, असं साहेबांनी इनासला विचारलं. तो नाही म्हणाला. मग मला विचारलं. मी म्हणालो, माझ्याकडून दिले तेव्हा पुरे होते.

कुणासाठी तरी पत्ता लपवला, असा ठपका ठेवून इनासला काढलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना? त्यातला चोर संन्याशाच्याच मोटारसायकलवर मागे बसून घरी आला. वाटेत चहाला थांबलो तेव्हा इनास म्हणाला, "तुझ्यार काय इला नाय, ता बरा झाला."

मी चहा प्यायलो. पुढे बढतीही घेतली.

इनास केळ्यांचा टेम्पो चालवू लागला. आणि इतक्या वर्षांनी परवा माझ्या घरी आला — कॅसिनोत नवी माणसं घेताहेत, असं त्याच्या कानावर आलं होतं. "साहेबांक माझ्यासाठी एक शब्द घाल रे," म्हणाला. "हात अजून तसेच आसत."

सोपं होतं. झालं गेलं विसरा, असं साहेबांना सांगायचं, त्याला आत घ्यायचं, वर त्याच्याकडून आभारही मानून घ्यायचे. रात्रभर तेच मनात घोळवत होतो. मग कळलं — असा आला तर तो चोर म्हणूनच येईल. माफ केलेला चोर. हे मला सहन होईना. सकाळी साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

तिथून इनासकडे गेलो. तो टेम्पोत घड भरत होता. सांगितलं. हातातला घड त्याने खाली ठेवला.

"खंयचो पत्तो?"

"चौकटची दुर्री."

"इतकी वर्सां माझी आवस लाजेन चर्चात मागच्या बाकार बसता," तो म्हणाला. "एका दुर्रीपायी?"

मी मान हलवली. मग त्याने आईला बाहेर बोलावलं आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बसायला सांगितलं नाही.

"माका सांगान काय उपयोग?" ती म्हणाली. "रविवारी मिसा सुटल्यार चर्चाच्या दारात उभो रव आणि सगळ्यांक सांग."

साहेबांनी इनासला परत घेतलंय; सोमवारपासून तो मोठ्या टेबलावर बसणार आहे. मी कुठे असेन, ते साहेब ठरवतील. ठरवू देत. आज शनिवार आहे. उद्या अख्खा गाव चर्चमधून बाहेर पडेल, तेव्हा मी दारात असेन. पत्ता माझ्या हातून पडला आणि खोटंही मीच बोललो, हे मोठ्याने सांगेन — पुढच्या बाकावरच्यांना आणि मागच्यांनाही.