रेकॉर्डच्या पट्टीत

माझे सासरे माझ्याशी सरळ बोलत नाहीत. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी सांगितलं, की आयटीआयमधली नोकरी सोडणार नाही, आणि त्या दिवसापासून माझ्यासाठीचं सगळं बोलणं ते माझ्या नवऱ्याकडे देतात. मी समोर उभी असले तरी. "तिला सांग, वरणात मीठ न्हाई." मग मीही तेच सुरू केलं. "मामांना सांगा, मीठ त्यांच्या ताटाशेजारीच आहे." परभणीतल्या तीन खोल्यांच्या घरात आमचं असं सातवं वर्ष चालू आहे. नवरा दोघांच्या मध्ये बसून जेवतो आणि कुणाचंच काही पोचवत नाही, कारण ते पोचलेलं असतंच.

मामांची एकच हौस, रेकॉर्ड प्लेअर. तरुणपणी त्यांनी तो हैदराबादहून आणला होता. लाकडी खोका, वर जड लोखंडी थाळी, आणि सुईच्या दांडीवर चिकटपट्टीने लावलेलं चाराण्याचं नाणं. सुई उड्या मारायची म्हणून ते वजन ठेवलेलं. त्यावर ते एकच भक्तिगीत पुन्हापुन्हा लावायचे आणि त्याच्याबरोबर डोळे मिटून म्हणायचे. पोखर्णीला नृसिंहाच्या देवळात भजनाला बसले, की हेच गाणं त्यांच्या वाट्याला. त्यांचा आवाज चांगला आहे, ते मी नाकारत नाही. पण "मी रेकॉर्डच्या पट्टीत म्हणतो, एक सूत इकडं न्हाई, तिकडं न्हाई," हे वाक्य घरी आलेल्या प्रत्येक माणसाला ऐकावं लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात थाळी फिरायची थांबली. मोटार घूं घूं करायची, जळका वास यायचा, बस. बाजारातल्या दुकानदाराने उघडूनसुद्धा पाहिलं नाही, भंगारात द्या म्हणाला. आठवडाभर मामा कुणाशीच बोलेनात. नवरा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "तू बघतेस का?"

मी आयटीआयला वीजतंत्री ट्रेड शिकवते. मोटारी उघडणं हे माझं रोजचं काम आहे आणि ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"त्यांनी सांगावं मला," मी म्हटलं.

ते सांगणार नव्हतेच. ते फक्त रविवारी सकाळी उठून अंगणात जाऊन बसले आणि खोलीचं दार उघडं ठेवलं. यापेक्षा जास्त काही मिळणार नाही, हे मला कळलं. मी मशीन पलंगावर उपडी केली.

बिघाड साधा होता. मोटारीच्या दांड्यावर पितळेची छोटी पुली असते. तिच्यावर एक रबरी चाक टेकतं आणि ते चाक थाळीला आतून फिरवतं. रबर वाळून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, पकडच नव्हती. थाळीच्या मधल्या खुंटीवरचं वंगण सुकून गुळासारखं घट्ट झालं होतं. मी सगळं रॉकेलने धुतलं, नवं तेल घातलं, रबर पॉलिश पेपरने खरवडून घेतलं, सैल पडलेली स्प्रिंग बदलली. दांडीवरचं नाणं काढून टाकलं आणि मागचं वजन सरकवून सुईचा भार नीट बसवला. मग थाळीच्या कडेला कागदाचा चिटोरा लावून मोबाइलच्या घड्याळावर फेऱ्या मोजल्या. तीन मिनिटांत शंभर. जितक्या पाहिजेत तितक्याच. मला अतोनात बरं वाटलं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

मामा आत आले, मागोमाग नवराही. पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती नवऱ्याला. "नाणं कुठाय, विचार तिला."

"नाण्याची गरज नाही, सांगा त्यांना."

त्यांनी रेकॉर्ड लावली. सुई बसली, सूर सुरू झाले, मामांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत गाणं वर जातं, तिथे त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी घसा खाकरून पुन्हा सुई मागे ठेवली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तर आवाज निघालाच नाही, नुसती हवा आली.

"गाणं पळायलंय," ते म्हणाले. "काय केलं हिनं? असं न्हाई हे गाणं."

मला तेवढ्यात सगळं समजलं. मशीन कित्येक वर्षं हळू चालत होती. रबर थोडंथोडं घसरत गेलं, गाणं थोडंथोडं खाली उतरत गेलं, जवळपास अर्धी पट्टी, आणि वय वाढेल तसे मामाही त्याच्याबरोबर उतरत गेले. रेकॉर्डच त्यांच्या पट्टीत आली होती.

हे मी मनात ठेवू शकले असते. पण मला सात वर्षांचं मीठ आठवलं. "मामांना सांगा, गाणं असंच आहे," मी म्हटलं. "इतके दिवस मशीन मरगळली होती म्हणून जमत होतं. फेऱ्या मोजून दाखवते हवं तर."

मोजून दाखवल्यासुद्धा, मोठ्याने, एक ते शंभर. नवरा मध्येच उठून बाहेर गेला. मामा शेवटपर्यंत बसून राहिले.

पुढचे काही दिवस मी कामावरून आले, की खोलीतून गाणं ऐकू यायचं, पण ओढल्यासारखं, वरखाली होणारं. एकदा दारातून पाहिलं. मामा वाकून बसले होते आणि थाळीच्या कडेला बोट टेकवून तिला मागे धरत होते. बोटाचं टोक लाल झालं होतं. एवढं करूनही सूर लागत नव्हता, कारण बोटाचा दाब एकसारखा राहत नाही.

"मोटार जळंल अशानं," मी म्हटलं. नवरा घरात नव्हता, त्यामुळे हे सरळच गेलं.

त्यांनी बोट काढलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तसेच वाकून म्हणाले, "पहिल्यासारखी करून दे."

"बिघडवून देऊ?"

"हां. बिघडवून दे."

"त्यासाठी पुली घासून बारीक करावी लागंल. एकदा घासली की परत जाड होत नसती."

"घास," ते म्हणाले.

मी पॉलिश पेपर घेतला, मोटार चालू करून फिरत्या पितळेवर धरला. चांगली, मापात कातलेली वस्तू मी जाणूनबुजून नासवत होते आणि ते शेजारी उभे राहून बघत होते. थोडं घासायचं, थाळी बसवायची, रेकॉर्ड लावायची. ते मान हलवायचे. परत घासायचं. पाचव्या खेपेला त्यांनी हात वर केला, डोळे मिटले आणि ती वरची ओळ एका दमात म्हटली. मग मला म्हणाले नाहीत, खोलीला म्हणाले, "आता बराबर हाय." आणि नवरा आल्यावर त्याला म्हणाले, "तिला सांग, पलंगावर पितळंचा भुगा पडलाय."

महिनाभराने पोखर्णीच्या भजनातले दोघे-तिघे घरी आले. मामांनी कौतुकाने रेकॉर्ड लावली, बरोबर म्हणून दाखवलं. मी चहा घेऊन गेले, तेव्हा पेटी वाजवणारे गृहस्थ विचारत होते, "बंद पडली होती ना वो? कुणी दुरुस्त केली?"

"हाय एक मिस्त्री बाजारात," मामा म्हणाले. "लय हुशार माणूस."

मी ट्रे खाली ठेवला. "मिस्त्री मीच आहे," मी त्या गृहस्थांना म्हटलं. "आणि दुरुस्त नाही केली. दुरुस्त केली तेव्हा ह्यांचा आवाज पोचंना, म्हणून परत बिघडवून घेतली. विचारा त्यांना."

पेटीवाल्यांनी कप उचलला आणि त्यात बघत बसले. चहा संपवून सगळे लगेच निघाले, झरीला जायचंय म्हणाले. मामांनी सुई उचलून ठेवली, रेकॉर्ड पाकिटात घातली आणि माझ्याकडे वळले.

"समाधान झालं तुझं?"

"झालं," मी म्हटलं.

खरंच झालं होतं. मामा अजून पोखर्णीला जातात, पण तिथे आता दुसरं गाणं म्हणतात, असं नवऱ्याकडून कळलं. ते मला वाईट वाटण्यासाठी सांगितलं होतं की नुसतंच, ते मी त्याला विचारलं नाही. भजनाची मंडळी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना आमटी तिखट झाली आहे, हे मामांनी त्याला सांगितलं आणि मी पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला.