वर बस, रफीक

उचगावला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, बारशी, पासपोर्ट साइज... वर्षातनं एकदोन गिऱ्हाइकं हमखास मोबाइल पुढं करतात — "बघा की, मागं कोण उभं हाय!" मी फोटो मोठा करून दाखवतो. फ्लॅशमध्ये चमकलेली धूळ असते, नाहीतर घेणाऱ्याचंच बोट. भूत आजवर एकही निघालं नाही. तेव्हा खाली जे लिहितोय ते वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. मीही हसलोच असतो.

मला जंगली जनावरांचे फोटो काढायचा नाद आहे. राधानगरीच्या बाजूला माझा मित्र संभाजी राहतो. भातशेती, थोडा ऊस, चार म्हशी. त्याचं शिवार जंगलाला लागून आहे. पाऊस ओसरून भात दुधावर आलं की सांबरं पहाटे खाली उतरतात. वर्षातला सगळ्यात चांगला मोसम तोच. एकदा कापणी सुरू झाली की माणसांच्या वर्दळीनं ती बिथरतात. म्हणून मी दरवर्षी सुरुवातीलाच आडोशाची जाळी लावून आत लपून बसतो. शिकार म्हणाल तर एवढीच — कॅमेऱ्याची.

बसायचं कुठं, यावरनं आमची दरवर्षी भांडणं. ही भांडणं व्हायची संभाजीच्या वडिलांशी, तात्यांशी. शिवाराच्या वरच्या कोपऱ्यात, ऐनाच्या झाडाखाली, ते राखणीला माळा बांधून बसायचे. उभा जन्म तिथं काढला. मला म्हणायचे, "वर बस, रफीक. वरनं समदं शिवार दिसतंय." मी म्हणायचो, "तात्या, पहाटे वारं डोंगरावरनं खाली येतं. वर बसलो तर माझा वास भातात जाईल, जनावर थांबेल का?" ते म्हणायचे, "तुला जनावर बघायचं हाय, मला शिवार बघायचं असतंय. फरक हाय की न्हाय?"

गेल्या वर्षी तात्यांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तेव्हापासून एक शब्द नाही. नुसते डोळे बोलायचे.

यंदा दसरा झाल्यावर मी गेलो. दुपारी संभाजीबरोबर शिवार फिरलो. वरच्या कोपऱ्यात ताजे खूर होते, पण वाऱ्याचा विचार करून मी खालची, उसाच्या कडेची जागा धरली. हिरवी जाळी बांधली, आत स्टूल ठेवलं. संभाजी म्हणाला, "सकाळी चा घिऊन येतो. उजाडल्यावर, तवर तुझं काम झालेलं असंल."

रात्री राधानगरीत लॉजवर राहिलो. पहाटे गाडी वरच्या रस्त्याला लावून उतरलो आणि जाळीत बसलो. उजाडायला लागलं तशी सांबरं आली... एक मोठी मादी, तिच्यामागं पाडस, आणखी एकदोन. माझ्यापासून एवढी जवळ की भात ओरबाडल्याचा आवाज येत होता. अंगावर काटा आला — आनंदानं. अशी फ्रेम वर्षानुवर्षं मिळत नाही.

मी बटणावर बोट ठेवलं आणि हाक आली.

"वर बस, रफीक!"

तात्यांचा आवाज. तोच खणखणीत, शिवाराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. आवाज वरच्या कोपऱ्यातनं, ऐनाच्या झाडाकडनं आला. मी दचकून बघितलं. कोणी नाही. मनात आलं, संभाज्या नक्कल करतोय... पण संभाजीला नक्कल जमत नाही, आणि माझा फोटो घालवायचा तो चावटपणा कधी करणार नाही.

हाक परत आली. या वेळी चिडून. "ऐकू येत न्हाय व्हय रं? वर ये!"

आणि एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. सांबरं चरतच होती. माझ्या शर्टाचं बटण जाळीला घासलं तरी कान टवकारणारी जनावरं, ती एवढ्या आरोळीनं हललीसुद्धा नाहीत. पाडसानं मान वर केली नाही.

मी उठलो. मी उठल्याबरोबर मात्र ती उधळली आणि जंगलात गडप झाली. हातचा फोटो गेला म्हणून मी स्वतःलाच शिव्या घालत उसाच्या कडेनं वर चढलो. झाडाखाली पोचलो. कोणी नव्हतं. गवतावर दव तसंच, पाय उमटलेला नाही.

ऊन नुकतं शिवारावर पडत होतं. तिथनं ओढ्यापासून वर येणारा बांध अख्खा दिसतो, खालनं उसामुळं दिसत नाही. त्या बांधावर मला काहीतरी चमकताना दिसलं. आधी वाटलं कोळ्याचं जाळं, दवानं भिजलेलं. मग त्याला टेकवलेल्या बांबूच्या काटक्या दिसल्या. आणि पुढं, गवतात आडवं पडलेलं रानडुक्कर.

तार होती ती. उघडी. शेजारच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीतनं ओढलेली... डुक्कर मारायला कुणीतरी रात्रीत करंट सोडला होता.

आणि त्याच बांधावरनं, ओल्या गवतातनं, हातात किटली घेऊन संभाजी येत होता. अनवाणी.

मी किती जोरात ओरडलो मला माहीत नाही. "संभाज्या, थांब! पाय उचलू नको! करंट हाय!" तो थांबला. तारेपासून चार पावलांवर. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय, हसत म्हणाला, "आरं जनावर उठवलंस की येड्या!" मग त्यानं डुक्कर बघितलं. किटली त्याच्या हातातनं गळून पडली.

लांबचा वळसा घालून मी त्याच्यापर्यंत गेलो. त्याला धरून बसवलं. नंतर वायरमनला फोन, वनखात्याला फोन, पंचनामा... ते सगळं रीतीप्रमाणं झालं. लावणारा कोण, हे अजून कळलेलं नाही.

दुपारी घरी गेलो. घर ओढ्यापलीकडं, टेकाडाच्या आड आहे. तिथनं ट्रॅक्टरचा हॉर्नसुद्धा शिवारात ऐकू येत नाही. मी हाकेचं कुणाला सांगितलं नव्हतं, संभाजीलाही नाही. सुरेखावहिनी, त्याची बायको, दारातच रडत होती. संभाजीला चाचपून बघितलं तिनं, आणि मग मला म्हणाली, "भावजी, आज सकाळी इपरीत झालं. मी धार काढायला बसलेली. आतनं मामंजी वरडले. पैल्यासारखे! 'रफीक' म्हणाले. मी पळत गेले तर डोळं उघडं, सारं अंग घामानं भिजलेलं. परत काय बोलले न्हाईत."

संभाजी माझ्याकडं बघायला लागला. मग मी सगळं सांगितलं. तो उठून आत गेला आणि तात्यांच्या पायांवर डोकं ठेवून बसला.

मी खाटेजवळ गेलो. "तात्या, हाक तुम्ही मारली?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंडाची एक बाजू हलली, हसल्यासारखी. डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. हात गार होता, पण पकड जुनीच.

ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा पेशंटला कधीकधी एखादा शब्द अचानक फुटतो, त्यात नवल नाही. मान्य. पण तो शब्द टेकाड ओलांडून माझ्या कानाशी कसा आला? वरच्या कोपऱ्यातनं कसा आला? आणि जनावरांना का ऐकू गेला नाही? यावर ते म्हणाले, "तुमची झोप झाली नव्हती का?" झाली होती.

तात्या त्यानंतर बोललेले नाहीत. मी जातो तेव्हा त्यांच्याजवळ बसतो, शिवारातलं काय काय दिसलं ते सांगतो. ते ऐकतात. मी परत विचारत नाही. संभाजी रोज सकाळी त्याच बांधावरनं गवताला जातो आणि डोक्यावर भारा घेऊन घरी येतो.